दोन ठोके

त्या मुलाने पार्ट फिक्स्चरमध्ये ठेवला, उजव्या हाताची मूठ वळली, मधल्या बोटाच्या पेराने पार्टवर दोनदा वाजवलं, टक् टक्, आणि मग दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली. टेबल फिरलं, क्लॅम्प बसले, स्पिंडलचा आवाज चढला. बावीस सेकंदांनी तयार पार्ट समोर आला. त्याने तो ट्रेमध्ये ठेवला, पुढचा उचलला, बसवला, टक् टक्. मी त्या मशीनला शेवटचं बघायला गेले होते. सतरा वर्षांपूर्वी ते मीच डिझाइन केलं होतं आणि पुढच्या महिन्यात ते भंगारात निघणार होतं. खरं तर मी मशीन बघायला हवं होतं. स्लाइड किती झिजल्यात, हायड्रॉलिकचं तेल कुठून पाझरतंय, पॅनेलमधलं माझ्या वेळचं काय काय शिल्लक आहे. पण नजर त्या मुठीवरून हलेना.

"ते दोनदा वाजवतोस, ते कशासाठी रे?" मी विचारलं. तो दचकला. आपलं काही चुकलं असं त्याला वाटलं असावं. "तसंच करायचं असतं, मॅडम. मला ज्यांनी शिकवलं, ते करायचे." त्यांना कुणी शिकवलं होतं? ते त्याला ठाऊक नव्हतं. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. मी मशीनचा पहिला कागद काढला तेव्हा तो शाळेत पाढे पाठ करत असणार.

मला ठाऊक होतं.

आमच्या धंद्यात या मशीनला एसपीएम म्हणतात. स्पेशल पर्पज मशीन असं पूर्ण नाव फक्त कोटेशनवर येतं. लेथवर शंभर तऱ्हेची कामं निघतात, मिलिंगवरही निघतात. एसपीएमला एकच पार्ट ठाऊक असतो आणि त्या पार्टवरचं एकच काम. हे मशीन कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजिनाला हवा आणि इंधन मिसळून देणाऱ्या भागाच्या, बॉडीला सात भोकं पाडायचं. त्यातली दोन तिरकी, वेगवेगळ्या बाजूंनी आत शिरून पोटात एकमेकांना भेटणारी. ती भेटली नाहीत तर इंधनाची वाट बंद आणि पार्ट स्क्रॅप. बाकी जगातलं काहीही त्या मशीनला येत नव्हतं. पण हे एक काम ते ज्या तन्मयतेने करायचं, तसं दुसरं कोणतंही मशीन करू शकलं नसतं. फिक्स्चरमधून पार्ट काढून घेतला तरी त्याचा आकार तिथे राहायचा. कुठे टेकायचा, कुठे अडायचा, कुठून दाबला जायचा. रिकामं फिक्स्चर बघून पार्ट डोळ्यांपुढे उभा करणं मला आजही जमतं. अंथरुणात माणूस नसला तरी उशीवरचा खळगा सांगतो ना, तसं.

या मशीनचं काम हाती आलं तेव्हा मी आधी दोन दिवस नुसती उभी होते. तीच भोकं तेव्हा साध्या पिलर ड्रिलवर, जिग म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा लावून पाडली जायची. तिथले सगळ्यांत जुने ऑपरेटर म्हणजे काका. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, सगळे त्यांना काकाच म्हणायचे आणि मीही. कपाळावर चष्मा, खिशात वायरब्रश, बोटांच्या रेषांत ॲल्युमिनियमची राखाडी भुकटी इतकी मुरलेली की ती धुऊन निघत नसावी. कटिंग ऑइलचा तो गोडसर, रॉकेलसारखा वास तिथे सतत असायचा. घरी गेल्यावर माझ्या ओढणीलाही यायचा. मी स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले आणि प्रत्येक हालचाल कागदावर उतरवत गेले. पार्ट उचलणे, अमुक सेकंद. जिगमध्ये बसवणे, अमुक सेकंद. ठोके मारणे, एक सेकंद. त्या ओळीसमोरच्या रकान्यात मी लिहिलं होतं: "अनावश्यक". तो कागद माझ्याकडे अजून आहे. अक्षर सुबक आहे, घाई नाही, शंका नाही.

काका मधूनच म्हणायचे, "ताई, स्टूल घ्या, पाय दुखतील." मी म्हणायचे, असू दे. मला वाटायचं, मी उभी आहे म्हणजे मला सगळं दिसतंय.

बसवणं ही आमच्या कामातली निम्मी विद्या. कोणतीही घन वस्तू जागेवर पक्की करायची तर तिला सहा बिंदू लागतात. तळाला तीन, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. तीन-दोन-एक. त्याहून कमी टेकू दिले तर वस्तू हलते, जास्त दिले तर ती स्वतःच्या मनाने त्यातले काही निवडते आणि दर वेळी निराळे निवडते. मी तळाचे तीन पॅड चोख काढले होते. हार्डन करून ग्राइंड केलेलं स्टील, तिन्हींच्या उंचीत पाच मायक्रॉनचाही फरक नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फिरत्या टेबलावर पाच स्टेशनं, पहिल्यावर पार्ट चढवायचा-उतरवायचा, उरलेल्या चारांवर एकाच वेळी चार पार्टवर ड्रिल, तिरकं ड्रिल, रीमर, टॅप. ड्रॉइंग बोर्डासमोर उभं राहून त्याकडे बघताना माझा ऊर भरून यायचा, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एका जागी एवढी कामं एका लयीत बसवता आली की मनात जो ठेका सुरू होतो, तो ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल.

मग ट्रायल. आमच्याकडे सलग पन्नास पार्ट काढून मोजतात आणि मशीनची क्षमता आकड्यात सांगतात. हा आकडा म्हणजे सीएमके. तो १.६७ च्या खाली आला तर ग्राहक मशीन उचलत नाही. पहिले तीस पार्ट एकसारखे आले, जुळे-तिळे म्हणावेत असे. एकतिसाव्याची दोन तिरकी भोकं आत भेटलीच नाहीत. पुन्हा सुरुवात केली. या वेळी बारावा गेला. पुढच्या खेपेला पन्नासच्या पन्नास ठीक, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोवर एकावन्नावा गेला. सलग तीन रात्री मी तिथे होते. स्पिंडलला डायल लावला, टेबल थांबण्याची जागा तपासली, ड्रिल बदलले, बुश बदलले. सगळं जागच्या जागी. चूक हाताला लागत असती तर बरं होतं. ती यायची, एक पार्ट खाऊन निघून जायची. आणि या मशीनमधली प्रत्येक गोष्ट दुसरीवर विसंबलेली. पाच स्टेशनं असतील आणि प्रत्येक जण शंभरातले अठ्ठ्याण्णव वेळा नीट वागला, तरी सगळे एका वेळी नीट वागण्याचा योग शंभरात नव्वदच वेळा येतो. त्या रात्री हा गुणाकार मी कितीदा केला असेल. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या मॉरिसच्या इंजिन कारखान्यात फ्रँक वूलार्ड यांनी १९२३-२४ च्या सुमारास अशीच एकाला एक जोडलेली लांबच लांब मशीनं बसवली होती. सिलिंडर ब्लॉक एका टोकाने आत जाणार, त्रेपन्न कामं होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर येणार. कल्पना काळाच्या वीसेक वर्षं पुढची. पण ती जोडसाखळी सांभाळतील इतकी भरवशाची नियंत्रणं तेव्हा नव्हती, आणि त्या मालिकेतली मशीनं पुढे सुटी करून वापरावी लागली. त्या तिसऱ्या रात्री मला वाटलं, माझंही टेबल तोडून चार सुटी मशीनं करून द्यावी लागणार.

चौथ्या दिवशी सकाळी काका आले. मशीन त्यांनीच चालवायचं ठरलं होतं. त्यांनी पार्ट बसवला आणि सवयीने पेराने दोनदा वाजवलं. मी पॅनेलपाशी होते, कावलेली होते. म्हटलं, "काका, आता त्याची गरज नाही, क्लॅम्प हायड्रॉलिक आहेत." ते काही बोलले नाहीत. पुढचा पार्ट, टक् टक्. त्याच्या पुढचा, टक् टक्. मग एकदा वाजवलं आणि थांबले. पार्ट उचलला, खालच्या पॅडवरून अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यासमोर धरला. त्यावर ॲल्युमिनियमचा कीस चिकटला होता. नखाच्या कापलेल्या टोकाएवढा, कागदासारखा पातळ, वर तेलाचा थेंब.

"हा बसला नव्हता, ताई. आवाज पोकळ आला."

मी त्यांना परत वाजवायला लावलं. कीस काढून, मग कीस ठेवून. बसलेला पार्ट खाली टेबलापर्यंत एकजीव होतो, ठोका भरीव आणि आखूड येतो, लगेच विरतो. न बसलेला किंचित खुळखुळतो. फरक केसाएवढा. चार-पाच वेळा ऐकल्यावर मलाही तो ऐकू यायला लागला आणि मग तो इतका स्पष्ट होता की आधी कसा ऐकला नाही याचं नवल वाटलं. हिशेब तर पोरकट सोपा होता. पॅडमध्ये अंतर चाळीस मिलिमीटर, एकाखाली शंभर मायक्रॉनचा कीस आला की पार्ट तेवढा कलतो आणि साठ मिलिमीटर उंचीवरचं भोक दीडशे मायक्रॉन सरकतं. आम्हाला सूट होती पन्नासची. काकांनी हा हिशेब कधी केला नसेल. त्यांनी वीस वर्षांत हजारो वेळा तो ऐकला होता आणि मी त्याच्यासमोर "अनावश्यक" लिहून मोकळी झाले होते.

मग आम्ही तो ठोका मशीनमध्ये घातला. तिन्ही पॅडच्या मध्यभागी एक-एक मिलिमीटरचं भोक पाडलं, त्यातून थोड्या दाबाची हवा सोडली. पार्ट नीट टेकला की भोक झाकलं जातं आणि नळीत दाब वाढतो. खाली कीस आला की हवा फटीतून निसटते, दाब चढत नाही, प्रेशर स्विच होकार देत नाही आणि दोन्ही बटणं कितीही दाबली तरी टेबल जागचं हलत नाही. लाल दिवा लागतो. सोबत पॅडवर फुंकर मारायला एक जादा नळी. दीड दिवसाचं काम. पन्नास पार्ट काढले, मग दोनशे, मग अख्खी शिफ्ट. एकही गेला नाही. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला, १९२४ चा त्यांचा जी-टाइप माग त्यासाठी प्रसिद्ध आहे. चालणारं यंत्र पुष्कळांनी केलं होतं, कुठे थांबायचं ते यंत्राला कळावं हा त्यांचा ध्यास. कॉलेजात ते वाचताना मला ती परीक्षेतली एक टीप वाटली होती. प्रेशर स्विचचा तो बारीक "टिक्" पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला.

काकांनी पार्ट बसवला. टक् टक् केलं. दिवा हिरवा झाला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता हाच बघतोय बसलाय की नाही. मग मी काय बघू?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. खरोखर विचारत होते. मी "तुम्ही मशीनकडे बघा" असलं काहीतरी बोलले. इतक्या वर्षांनंतरही त्याहून बरं उत्तर मला सुचलेलं नाही.

एसपीएमच्या घराण्यातलं सगळ्यांत जुनं म्हणता येईल असं काम इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ इथल्या गोदीतलं. शिडाच्या जहाजांना दोर ओढायला लाकडी कप्प्या लागायच्या, ब्रिटिश नौदलाला वर्षाला लाखभर. मार्क इझाम्बार्ड ब्रुनेल यांनी आराखडे काढले, हेन्री मॉडस्ले यांनी ती मशीनं घडवली, सॅम्युअल बेंथम यांनी नौदलात त्यांची बाजू लावून धरली. पंचेचाळीस मशीनं, प्रत्येकाला कप्पीवरचं एकेक काम. १८०८ पर्यंत वर्षाला सुमारे एक लाख तीस हजार कप्प्या निघायला लागल्या. त्यांतली काही मशीनं शंभराहून जास्त वर्षं चालली, काही आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहेत. या कहाणीत एक आकडा हमखास येतो, एकशे दहा कसबी कारागिरांचं काम दहा साधे मजूर करू लागले. आमच्या धंद्यात हे वाक्य अभिमानाने सांगतात, मीही सांगितलं आहे. आता ते वाचलं की मला त्या उरलेल्या शंभरांच्या हातांची आठवण येते. लाकडाची नस कुठे वळते हे छिन्नी लावण्याआधी त्यांना कळत असणार. त्यातलं किती मशीनमध्ये गेलं आणि किती कुणी विचारलंच नाही म्हणून राहून गेलं? आणि तरीही दिवसभर तेच एक भोक, खांदा भरून येईतो, उभ्या जन्मभर, हे कुणाच्या वाट्याला यावं असं मी म्हणणार नाही. काकांचा उजवा खांदा पिलर ड्रिलचं हँडल ओढून डाव्यापेक्षा खाली आला होता. माझ्या मशीनवर तो खांदा सुटला. तीन ड्रिल मशीनं बंद झाली, त्यांच्यावरची माणसं दुसऱ्या खात्यांत गेली. त्यांतल्या दोघांनी नंतर मला ओळख दिली नाही. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी मला कधी जमलेली नाही.

मशीनचं मरण कुठून आलं तर पार्टकडून. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटरची जागा फ्यूएल इंजेक्शनने घेतली. मागणी आटत आटत नुसत्या सुट्या भागांपुरती राहिली, आता तीही संपत आली होती. मशीन ठणठणीत होतं. पीएलसी, म्हणजे मशीनची चाल ठरवणारा पॅनेलमधला छोटा संगणक, त्याच्या काउंटरवर एकाहत्तर लाखांच्या वरचा आकडा होता. पॅनेल बदलता येतं, त्यातला प्रोग्रॅम पुसून नवा भरता येतो. पीएलसी जन्मालाच त्यासाठी आला. जनरल मोटर्सला दर नव्या मॉडेलला रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांची, कपाटंच्या कपाटं नव्याने वायर करावी लागायची, त्या कटकटीतून १९६८-६९ मध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ आणला. चौऱ्याऐंशीवा प्रकल्प म्हणून ०८४. पण लोखंडाला जे शिकवलं ते पुसता येत नाही. तिरक्या स्पिंडलचा कोन बेडमध्येच कापलेला, पॅड त्या पार्टच्या पोटाच्या मापाचे. आता सगळीकडे सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी मशीनं, आणि रोबोट मिळून फ्लेक्सिबल सेल मागतात, पार्ट बदलला की प्रोग्रॅम बदला. मॉडेलं दोन-तीन वर्षांत बदलत असतील तर तेच शहाणपणाचं आहे, मीही तेच सुचवते. पण एका पार्टसाठी जीव ओवाळून टाकलेलं मशीन चार ठिकाणी एकदम काम करताना ज्याने पाहिलंय, त्याला त्या सेलमध्ये टूल बदलण्याची वाट बघत उभा स्पिंडल बघवत नाही.

त्या दिवशी मी तासभर त्या मुलाच्या मागे उभी राहिले. या वेळी स्टॉपवॉच नव्हतं. पार्ट, टक् टक्, बटणं. पार्ट, टक् टक्, बटणं. हात इतके सैल की ते वेगळं काही करत आहेत असं वाटू नये. मग एकदा त्याने वाजवलं आणि बटणांकडे निघालेले हात मध्येच थबकले. पार्ट उचलला, पॅडवरून तळवा फिरवला, पुन्हा बसवला, पुन्हा वाजवलं, बटणं दाबली.

"काय झालं?"

"काही नाही, मॅडम. नीट वाटलं नाही."

लाल दिवा लागलाच नव्हता. तो लागण्याची वेळच त्याने येऊ दिली नव्हती. काका निवृत्त होऊन किती वर्षं झाली, मधे किती जणांनी हे मशीन चालवलं, कुणी कुणाला दाखवलं, याचा कुठे कागद नाही. कारण कधीच गळून गेलं होतं. कान मात्र पोचला होता. त्याला मी सगळं सांगितलं, एकतिसाव्या पार्टपासून. तो हसत ऐकत होता, पण मधेच त्याने मूठ वळून फिक्स्चरच्या कडेवर वाजवून पाहिलं, जणू हा आवाज तो आज पहिल्यांदा ऐकत होता.

निघताना मी तिथल्या मॅनेजरांकडे एक पॅड मागितला. त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी फिटरला सांगितलं. ॲलन की लावून त्याने तो सोडवला, पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. दोन बोटांवर मावेल एवढा. मधोमध ते एक मिलिमीटरचं भोक, त्याभोवती एकाहत्तर लाख पार्टनी घासून आरशासारखी झालेली जागा. प्रवासात मी तो मुठीत धरून बसले होते. बराच वेळ तो कोमट राहिला.

सध्या माझ्यासमोर दुसरं काम आहे. एका छोट्या व्हॉल्व्हची जुळणी, आज सहा बायका हाताने करतात, तिथे मशीन हवंय. मी परवापासून तिथे जाऊन उभी राहते आहे. कागदावरचा "अनावश्यक" हा रकाना मी कधीच काढून टाकला. त्या जागी आता नुसती मोकळी ओळ असते. टोकाच्या खुर्चीवरच्या मावशी रबराची रिंग व्हॉल्व्हमध्ये बसवण्याआधी बोटांत अर्धा फेरा फिरवतात, दर वेळी, डावीकडे. मी विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, "सवय आहे गं, दुसरं काय." मी ते तसंच लिहून ठेवलंय, डावीकडे, अर्धा फेरा. आज दुपारभर मी रिंगा स्वतःच्या बोटांत फिरवून पाहिल्या. एकीवर मोल्डची बारीक रेघ नखाला लागल्यासारखी वाटली, बाकीच्यांवर काहीच नाही. उद्या परत जाणार आहे.